मास्तरांचे दोन पट्टे

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. दुसऱ्या मजल्यावर आमचं दुकान आहे: तीन मशीन, एक कापायचं टेबल आणि आरशासमोर गिऱ्हाईकाला उभं करायची थोडी जागा. मास्तर बेततात, दोन कारागीर शिवतात, आणि काजं, बटणं, तुरपाई माझ्याकडे. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून काम केलंय. त्यामुळे त्यांच्या तोंडापेक्षा पाठ माझ्या जास्त ओळखीची.

ती पाठ एके काळी अख्खा दरवाजा अडवायची. एकशे बेचाळीस किलो. गिऱ्हाईकाच्या छातीला टेप लावायचा तर मधे यांचं पोट यायचं. गिऱ्हाईकं गमतीनं म्हणायची, "मास्तर, आधी तुमचं माप घ्या." हे हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाहीत. गुडघे गेले, साखर वाढली, जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले. तेव्हा पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. नंतरची दोन वर्षं वाटीभर खाणं, गोळ्या, आणि रोज चार किलोमीटर चालणं. काटा एकोणऐंशीवर येऊन थांबला आणि वर्षभर तिथंच राहिला.

लोक म्हणाले, मास्तर निम्मे झाले. निम्मे झाले खरे, पण कातडी पूर्णाचीच उरली होती. ते कुणाला दिसत नव्हतं, कारण स्वतःचे कपडे स्वतःच बेतणारा माणूस काय वाटेल ते झाकू शकतो. पोटाची घडी मांड्यांवर उतरली होती. तिच्या खाली कायम ओल. उन्हाळ्यात तिथं कातडी सोलवटायची, पाणी सुटायचं, वास यायचा. मी पावडर लावायची, कापूस ठेवायची. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी एखादी सुई मागावी तितक्या सहज आवाजात बोलायची, म्हणजे त्यांना लाज वाटू नये.

त्यांना स्वतःला मात्र पोटापेक्षा दंड जास्त खुपायचे. खडूनं रेघ मारताना दंडाची लोंबती कातडी कापडावर घासायची आणि मारलेली रेघ पुसली जायची. पुन्हा मारायची, पुन्हा पुसायची. मग बाराही महिने लांब बाह्या आणि त्यांना घट्ट कफ. "एकदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून टेबलाशी उभं राहायचंय," एवढंच म्हणायचे. बाकी त्यांना कसली हौस नाही.

ही जास्तीची कातडी काढणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी आधी रक्त तपासलं, मग म्हणाल्या, पोट आधी. तिथं जखमा होतात, ते दुखणं आहे. ते नीट बरं झालं तर सहा महिन्यांनी दंड. मग त्यांनी धोके सांगितले. आत पाणी साचू शकतं, जखम उघडू शकते, जंतू शिरू शकतात, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. एवढं वजन उतरलेल्यांची कातडी लवकर भरून येत नाही, म्हणून अंडी, दूध, प्रथिनांची पावडर सोडायची नाही. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहील, कदाचित कायमचाच. आम्ही दोघं माना हलवत होतो. गिऱ्हाईकाला कापड आटेल असं सांगितलं की तेही अशीच मान हलवतं, आणि पहिल्या धुण्यानंतर भांडायला येतं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. साडेपाच किलो कातडी निघाली. कमरेच्या एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत टाके, आणि दोन बाजूंना दोन नळ्या, त्यांच्या टोकांना रबरी फुगे. त्या फुग्यांत लालसर पाणी जमायचं. ते मोजायचं, वहीत लिहायचं, ओतायचं. मास्तर कमरेत वाकून चालायचे, कारण सरळ उभं राहिलं तर टाक्यांवर ताण येतो. गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपायचं. गाठ होऊ नये म्हणून मांडीत सुई, आणि दर दोन तासांनी उठून घरातल्या घरात फेऱ्या. फेऱ्या घालताना ते नळ्या खिशात घालायचे आणि मी मागून चालायची. घर केवढं? सतरा पावलांत संपतं.

मदतीला मोठ्या नणंदबाई आल्या. त्यांनी आल्या आल्या भावाकडे बघून डोळ्यांना पदर लावला. "चांगला भरलेला होता गं माझा भाऊ. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पिळून काढलात."

"पिळायला मी एकटी कुठवर पुरणार, ताई? डॉक्टर लागले," मी म्हटलं.

आठ दिवसांत त्यांचेच गुडघे दुखायला लागले आणि त्यांना रिक्षात बसवून द्यायलाही मीच गेले. राग नाही माझा. असलाच तर थोडा आहे.

सोळाव्या दिवशी नळ्या निघाल्या. पोटावर चोवीस तास एक पट्टा बांधायचा होता, जाड, ताणणारा, बाजूला हुकांच्या दोन ओळी. दवाखान्यानं सारखे दोन दिले होते, एक अंगावर, एक धुवायला. सिस्टरनं बजावलं होतं की सूज उतरली की पट्टा सैल होईल, मग या, लहान मापाचा देऊ.

तिसऱ्या आठवड्यात तो सैल झाला. मास्तर आरशासमोर उभे राहिले, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"फिटिंग गेलं."

"मग उद्या जाऊन लहान घेऊन येऊ."

"लहान? अगं, मापाचा कपडा आणायला मी दुसऱ्याकडे जाऊ? खडू आण."

मी आणला. इथं मला थांबायला हवं होतं हे आज कुणीही सांगेल. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा या माणसाच्या आवाजात जीव आला होता. वाकलेले, नळ्या सांभाळणारे, मुतायला जायचं तरी माझा खांदा धरणारे मास्तर अचानक दुकानातले मास्तर झाले. त्यांनी स्वतःच्या अंगावर टाचण्या लावल्या, खडूनं खूण केली. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत. मी मशीनवर दुहेरी शिलाई मारली. शिलाई सरळ आली, याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

ट्रायल आम्ही रीतसर घेतली. दुकानात जशी घेतो तशीच. उभं राहा, बसा, हात वर करा, वाका.

"काचतंय कुठे?" मी विचारलं.

"नाही."

"नीट बघा. बसून बघा."

"नाही काचत. झकास बसलाय."

तिसऱ्यांदाही विचारलं. आमचा हा नियमच आहे, तीनदा विचारायचं, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा भिडेनं खोटं बोलतं. मास्तर भिडेनं बोलत नव्हते. त्यांना काचत नव्हतंच. बेंबीखाली त्यांना काही कळतच नव्हतं. तिथं कुणी चिमटा काढला असता तरी त्यांनी झकास म्हटलं असतं. ज्या जागेला आम्ही विचारत होतो, ती जागा उत्तर देण्याच्या अवस्थेतच नव्हती, आणि हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं.

चौथ्या दिवशी पट्टा सोडला तर टाक्यांच्या वर, मधोमध, तळहाताएवढा भाग निळसर दिसला. मला वाटलं, मुका मार असतो तसं काहीतरी असेल. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची तारीख होती. जाताना मास्तर म्हणाले, "दुसरा पट्टा दे. याच्यावर खडूची रेघ राहिलीय, तिथं बरं दिसत नाही." बाहेर जायचं म्हणून चांगले कपडे घालतात ना, तसा आम्ही न शिवलेला पट्टा घातला आणि गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तो निळा भाग बराच वेळ पाहिला. बोटानं दाबला, सोडला, परत दाबला. मग पट्ट्याच्या आत दोन बोटं घालून बघितली. ती सहज गेली. "पट्टा ठीक आहे. सैलच आहे म्हणायचा. चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण या रंगावर लक्ष ठेवा. सिगारेट ओढता का?"

"कधीच नाही," मास्तर म्हणाले. आणि ते खरं होतं.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा बदलला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई पट्टा ठीक म्हणाल्या होत्या, सैल म्हणाल्या होत्या, आणि आमच्याकडे त्याच्याहून चांगला बसणारा होता. आमच्या डोक्यात ती शाबासकी त्या दुसऱ्या पट्ट्यालाही लागू झाली. माणसं काय काय लागू करून घेतात! आणखी चार दिवस तो पट्टा अंगावर राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टा सोडला. निळा भाग काळा झाला होता. करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा, कोरडा, कडक. कडेनं लाल. मास्तरांनी मान वाकवून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोघांनाही एकाच वेळी कळलं. मी शिवलेला पट्टा गुंडाळून माझ्या पिशवीत तळाशी टाकला आणि त्यांना दुसरा चढवला.

मग नऊ दिवस आम्ही मुक्यानं काढले. बोलत होतो, पण त्याबद्दल नाही. दवाखान्याच्या तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तो पट्टा माझ्या पिशवीत होता. आज सांगेन, असं ठरवून मी जिना उतरायची आणि तिथं पोचलं की तोंडाला कुलूप. भीती कसली होती? एक तर बाई चिडून म्हणतील, जा आता दुसरीकडे. दुसरं म्हणजे मास्तर. पन्नास माणसांचे बिघडलेले कोट ज्यांनी दुरुस्त करून दिले, त्यांना मी त्या पोरीसमोर कसं तोंडघशी पाडू? आणि तिसरं सगळ्यात मोठं: शिलाई माझी होती.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"कारण मला सापडत नाही," त्या म्हणाल्या. "साखर ताब्यात आहे. रक्त थोडं कमी आहे, पण एवढं नाही. तिथला रक्तपुरवठाच कमी पडत असेल, तर हे पसरत जाईल. मला थांबता येणार नाही. सोमवारी पुन्हा भूल देऊन मोठा भाग कापावा लागेल. ओढून घ्यायला कातडी उरलेली नाही, त्यामुळे मांडीची काढून तिथं लावावी लागेल. धोका पहिल्यापेक्षा जास्त आहे, ते लपवत नाही."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

"आणि एक सांगते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कदाचित चूक माझीच असेल. मी जरा जास्त कापलं असेन, जास्त ओढलं असेन. मी रोज तेच आठवून बघतेय."

माझ्याच्यानं ते ऐकवेना. आमच्या मुलीच्या वयाची पोर, आमचं पाप आपल्या पदरात घेत होती. मी पिशवीत हात घातला आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं काही चुकलं नाही. हा मी आत घेतला. तीन इंच. नऊ दिवसांपूर्वी काढला, त्याआधी आठ दिवस हाच होता अंगावर. इथं येताना दुसरा घातला होता."

बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. शिलाईवरून बोट फिरवलं. मग एकदम भडकल्या.

"मी प्रत्येक वेळी पट्ट्याबद्दल विचारलं की नाही?"

"विचारलंत."

"मग?"

"तुम्ही त्या पट्ट्याबद्दल विचारलंत."

मला उद्धटपणा करायचा नव्हता. तोंडून निघालं ते तसंच होतं.

तेवढ्यात मास्तर बोलले. "खडू माझा होता. ती नको म्हणत होती. तिनं फक्त मशीन मारली."

मी नको म्हटलंच नव्हतं. लहान आणू म्हटलं होतं, एवढंच. सत्तावीस वर्षांत हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला तो बहुधा पहिल्यांदाच, आणि मला तिथल्या तिथे रडू फुटलं.

डॉक्टरीणबाई पाच मिनिटं आम्हाला झापत राहिल्या. सगळं बरोबर बोलत होत्या. मग त्यांनी मोजपट्टी घेऊन तो काळा भाग मोजला, आधीच्या फोटोंशी ताडून पाहिला. हा पट्टा निघाल्यापासून काळेपणा एका दोऱ्यानंही पुढं सरकला नव्हता. त्यांनी कागदावरचा सोमवार खोडला.

"दाबानं झालं असेल तर ते जिथं थांबलंय तिथंच थांबेल. मोठं ऑपरेशन नको. मेलेलं तेवढं काढू आणि जखम आतून भरू देऊ. पण त्याला महिने लागतील आणि रोज ड्रेसिंग लागेल. कोण करणार?"

हे काय विचारणं झालं? खोलीत मी एकटीच बाई होते, डॉक्टर सोडून.

काळी कातडी त्यांनी तिथंच, भूल न देता कापली. मास्तर जागे होते. त्यांना काही दुखलं नाही, आणि न दुखण्याचीच त्यांना धास्ती बसली. "माझ्या अंगावर कात्री चालतेय आणि मला पत्ता नाही," असं म्हणत ते माझा हात धरून राहिले. खाली खड्डा उरला, माझी अर्धी मूठ मावेल एवढा.

पुढचे अकरा आठवडे त्या खड्ड्याचे. सकाळी हात धुवायचे, हातमोजे चढवायचे, खड्ड्यातली जुनी जाळी, म्हणजे ते गॉजचं कापड, ओली करून सोडवायची, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, नवी जाळी ओली करून आत भरायची. घट्ट नाही, सैल नाही. वरून पट्टी. संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळात अंडी उकडायची, पावडर ढवळायची, चादरी धुवायच्या, दुकानात जाऊन काजं करायची आणि मास्तरांच्या जागी ठेवलेला नवा कापणारा काय काय बिघडवतोय ते बघून घरी खोटं सांगायचं की छान चाललंय. एकदा ताप चढला तेव्हा दोन दिवस जीव टांगणीला लागला. औषध बदललं, उतरला. मास्तर चिडचिडे झाले. मी तर होतेच. एका सकाळी त्यांनी "जरा हलक्या हातानं," म्हटलं आणि मी जाळी ताटलीत टाकून स्वयंपाकघरात जाऊन बसले. हलका हात कुठून आणू? त्यांना तिथं कळत तरी होतं का काही? दहा मिनिटांनी उठले आणि राहिलेलं ड्रेसिंग केलं.

खड्डा भरत आला. अर्धी मूठ, मग अंगठा, मग बटण, मग काज. बाराव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "बंद झाली. आता पट्टी नको." व्रण रुंद आणि वेडावाकडा होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

बाईंनी हसत विचारलं, "मग मास्तर, दंडांचं काय? चार-पाच महिन्यांनी घेऊ या? रक्त सुधारलंय. या वेळी पट्टा मी शिवून देते."

मास्तर हसले. पण बघत होते माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला नुसत्या पाठीवरूनही ओळखता आलं असतं.

"दंडांना हात लावायचा असेल," मी म्हटलं, "तर दुसरी बायको बघा."

सिस्टरसुद्धा हसली. मीही हसायला गेले, पण हसू आलंच नाही. ती थट्टा नव्हती हे सगळ्यांना कळलं.

"राहू द्या, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "आहेत ते ठीक आहेत."

बाईंनी घाई नाही, विचार करा, असं काहीतरी म्हटलं. मास्तरांनी लांब बाहीचं बटण लावलं आणि ते उठले. आता ते सरळ चालत होते, मी मागून. सिग्नलपाशी थांबलो तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "मला हवे होते गं."

"माहितीय," मी म्हटलं.

ते वाट बघत होते. मी आणखी काही म्हणेन, करू या म्हणेन, अशी. नेहमी मी म्हणते. सिग्नल सुटला, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघाली, आणि मी काही म्हटलं नाही.